तो खेळ संपायचा

सांगलीच्या एसटी स्टँडजवळच्या एका बोळात, सायकलचं दुकान आणि चपला शिवणाऱ्या काकांची टपरी यांच्या मधोमध पत्र्याचा एक गाळा होता, व्हिडिओ गेमचं पार्लर. दार कायम उघडं आणि त्यावर मळकट निळा पडदा. आत चार मशीन, भिंतीत घरघरणारा एक्झॉस्ट फॅन आणि स्टुलावर बसलेला मामा. कुणाचा मामा ते माहीत नाही, सगळ्यांचाच. १९९५ साली मी नववीत होतो. विश्रामबागेपासून स्टँडपर्यंत चालत यायचो, कारण सिटी बसचे वाचलेले पैसे म्हणजे मामाकडचं एक कॉईन.

चारपैकी एका मशीनवर 'मुस्तफा' होता. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ साली काढलेला. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. स्टँडवर ते नाव घेतलं असतं तर कुणी ओळखलं नसतं. चार खेळाडूंतला पिवळ्या टोपीचा, चपळ, धावत येऊन लाथ घालणारा गडी मुस्तफा, म्हणून सगळा खेळच मुस्तफा. शेजारच्या मशीनवर 'स्ट्रीट फायटर'. त्यात धालसीम नावाचा एक भारतीय होता, गळ्यात कवट्यांची माळ आणि रबरासारखे लांब होणारे हात. आपला माणूस म्हणून त्याला घ्यावं असं कुणालाही कधी वाटलं नाही. सगळ्यांना र्‍यू नाहीतर केन पाहिजे. देशप्रेम रुपयाच्या कॉईनपर्यंत काही पोचत नव्हतं.

मेलात की पडद्यावर 'कंटिन्यू?' यायचं आणि नऊपासून उलटे आकडे सुरू व्हायचे. त्या नऊ-दहा सेकंदांत खिसे चाचपणं, मित्राच्या तोंडाकडे बघणं, "मामा, एक द्या, उद्या देतो" आणि मामाचं मान न वळवता "नाही" म्हणणं, एवढं सगळं बसायचं. शून्य आलं की संपलं. मागचा पोरगा खांद्यानं बाजूला करायचा आणि दांडी धरायचा. अजून हातात बटणांची थरथर असायची आणि आपण प्रेक्षक झालेले असायचो.

हे सगळं उगाळायला बसलो नाही. आठवणींचा धंदा सध्या तेजीत आहे आणि आमच्या वयाच्या माणसांनी 'आमच्या वेळी' म्हणायला सुरुवात केली की पोरं उठून जातात, ते बरोबरच करतात. मला मुद्दा वेगळा मांडायचा आहे. मुलं मोबाइलवर किती वेळ खेळतात यावर सध्या जी घरोघरी, शाळाशाळांत आणि आता कायद्यातही चर्चा चालली आहे, तिच्यात प्रश्नच चुकीचा धरलाय असं मला वाटतं. सगळे तास मोजतायत. खेळ संपतो कसा आणि खेळताना शेजारी कोण उभं असतं, हे कुणी विचारत नाही. ही दोन उत्तरं त्या पत्र्याच्या गाळ्याकडे होती, आणि त्याच्याकडे दुसरं फारसं काही चांगलं नव्हतं.

आधी संपण्याचं. मशीनवाले काही संत नव्हते. मामा अधूनमधून मशीनचं मागचं झाकण उघडून बोर्डावरचे बारीक स्विच खालीवर करायचा. त्या स्विचनी किती लाईफ द्यायचे आणि खेळ किती अवघड ठेवायचा हे ठरतं. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी वाढली की तीनाचे दोन लाईफ झालेले असायचे. आम्ही ओरडायचो, मामा म्हणायचा, "कंपनीतनंच तसं आलंय." थोडक्यात, ती लुटच होती. पण त्या लुटीचं गणित असं, की तुम्ही लवकर मरावं आणि पुढच्यानं कॉईन टाकावं. मशीनला मला उठवायचं होतं. आजच्या फुकट खेळाला मला बसवून ठेवायचं आहे. तो मरू देतो, पण संपू देत नाही. लगेच दुसरा सामना, रोज हजर राहिल्याचं बक्षीस, चार दिवस नाही आलात तर 'तुमचे मित्र वाट बघतायत' असा निरोप. दोन्हीकडे हावच आहे. पण पहिली खिसा रिकामा झाला की थांबायची, आणि नववीतल्या पोराचा खिसा रिकामा व्हायला कितीसा वेळ लागतो? दुसरी थांबतच नाही, कारण तिला पैशांआधी वेळ पाहिजे.

म्हणून 'आम्हीपण खेळलो, आमचं काय बिघडलं' हा युक्तिवाद मला पटत नाही. आणि 'गेम म्हणजे व्यसन' हाही नाही. गेम आणि गेम यांत फरक आहे, तो पडद्यावरच्या मारामारीत नसून खेळ थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे यात आहे.

आता शेजारी उभं असणाऱ्यांचं. गाळ्यातला सगळ्यांत तरबेज खेळाडू गॅरेजवर काम करणारा एक पोरगा होता. नखांत ग्रीस, अंगाला डिझेलचा वास. एका कॉईनवर तो मुस्तफाच्या शेवटच्या बॉसपर्यंत, म्हणजे सगळ्यांत तगड्या शत्रूपर्यंत जायचा. तो आला की बाकीची मशीन ओस पडायची आणि त्याच्या पाठीमागं दहा-बारा डोकी. त्यात डॉक्टरांचा मुलगा असायचा, मार्केट यार्डातल्या हमालाचा असायचा, तासगावची गाडी लागेपर्यंत दप्तर सांभाळत उभा असलेला कुणी खेड्यातला असायचा. "मागं बघ, मागं बघ!" असं सगळे एका सुरात. शाळेत आमच्या वर्गात जी मुलं होती ती बहुतेक आमच्यासारख्याच घरांतली. त्या पोराच्या हाताखाली शिकायची वेळ आमच्यावर फक्त त्या गाळ्यात आली. तिसऱ्या राउंडला गाडी मिळते तेव्हा ती कशी दामटायची आणि बंदूक कुणासाठी राखून ठेवायची, हे त्यानं मला फुकट शिकवलं. बदल्यात त्याला काही नको होतं. एकदा मात्र म्हणाला, "तुझी इंग्रजी चांगली हाय न्हवं, शेवटी काय लिवून येतंय सांग." मी वाचून दाखवलं. काय होतं ते आता आठवत नाही, त्याचं लक्ष देऊन ऐकणं आठवतं.

आणि दुसरे शेजारी म्हणजे ते चपला शिवणारे काका. माझे वडील तिथंच चपला शिवून घ्यायचे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पार्लरला जायला लागलो त्या आठवड्यातच काकांनी वडिलांना सांगितलं, "तुमचा पोरगा पडद्याआड असतोय, साहेब." वडील आले. पडदा बाजूला केला, उजेडाची तिरीप थेट स्क्रीनवर पडली आणि मला काही दिसेना. मुस्तफा मेला. कान धरून घरापर्यंत नेतील असं वाटलं होतं. त्यांनी मामाला फक्त विचारलं, "किती वाजता येतो हा?" मामानं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून शनिवार ठरला, एक तास, दोन कॉईन. शनिवार सोडून मी दिसलो की मामाच म्हणायचा, "आज वार कुठला?"

माझं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे. मी पकडला गेलो, कारण पकडला जाईन अशा जागी होतो. माझ्यावर पाळत ठेवायला कुणी ॲप टाकलं नव्हतं. बोळ होता, त्यात आपापलं काम करणारी माणसं होती आणि त्यांची माझ्या घराशी ओळख होती. आज माझा भाचा पांघरुणात तोंड घालून रात्री दीडला कुणाबरोबर खेळतो हे त्याच्या आईला कळत नाही. हेडफोनमध्ये त्याच्याशी कोण बोलतं, पंधरा वर्षांचा मुलगा की चाळिशीतला बाप्या, हे तर त्यालाही कळत नाही. मामाच्या गाळ्यात चाळिशीतला बाप्या आला असता तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं.

आता त्या गाळ्याची दुसरी बाजू. तिथं तंबाखू होती, शिव्या होत्या, मोठ्या पोरांची दादागिरी होती. मी स्वतः आईच्या दुधाच्या हिशेबाच्या डब्यातून तीनदा सुटे उचललेत, आणि चौथ्यांदा डब्याची जागा बदललेली निघाली, त्यावर ती एका शब्दानं बोलली नाही. शाळा बुडवून येणारे होते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, त्या तीन-चार वर्षांत मी तिथं एकही मुलगी पाहिली नाही. एकही नाही. माझी धाकटी बहीण स्टँडवरून येताना पडद्याच्या फटीतून बघायची आणि घरी आल्यावर "तो टोपीवाला कोण?" म्हणून विचारायची. तिनं आत येऊन खेळावं हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी मीच तिला बाहेर काढलं असतं. तेव्हा 'मुलांना हक्काची जागा होती' असं म्हणताना त्यातला 'मुलां' हा शब्द फक्त मुलग्यांपुरता होता, हे कबूल करूनच पुढं जायला पाहिजे. मला तो गाळा परत नको आहे. त्याच्यातलं जे कामाचं होतं ते पाहिजे.

गाळे गेले कसे? एक कारण सगळ्यांना माहीत आहे. आधी घरात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले, मग सायबर कॅफे, मग २०१६ नंतर स्वस्त डेटा. पण दुसरं कारण आपण स्वतः तयार केलं. आज 'व्हिडिओ गेम पार्लर' हे शब्द मराठी वर्तमानपत्रात दिसतात ते बहुधा 'पोलिसांचा छापा', 'रोख रक्कम जप्त' या शब्दांच्या शेजारी. त्या नावाच्या पाटीआड पैसे लावून आकडे फिरवायची मशीन चालू लागली. दोन्हीचं लायसन दिसायला सारखंच आणि मशीनही लांबून सारखंच. कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या पार्लरवाल्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. आमचा खेळ कौशल्याचा, त्याला लायसन कशाला, असं त्यांचं म्हणणं. १९९५ सालच्या एम. जे. शिवानी खटल्यात न्यायालयानं ते मान्य केलं नाही. मशीनमध्ये फेरफार करता येतो हाही तिथं मुद्दा होता. मामाचे स्विच आठवले की मला न्यायालयाचं चुकलं असं म्हणवत नाही.

पण लायसन लागणं वेगळं आणि मुस्तफा नि जुगाराचं मशीन एकाच फायलीत जाणं वेगळं. जे मशीन पैसे घेतं आणि फक्त खेळ देतं, नोट परत देत नाही, ते आणि जे नोट परत द्यायची आशा दाखवतं ते, यांना एकाच संशयानं वागवलं की काय होतं? संशय पेलण्याएवढी कमाई ज्याची आहे तोच टिकतो. ती कमाई जुगारवाल्याची असते. रुपया-रुपयानं गल्ला भरणारा मामा कागदपत्रं आणि हप्ते यांच्यापुढं कधीच टिकणार नव्हता.

२०२५ साली संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, सरसकट बंद केले आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, व बाकीचे खेळ वेगळे काढले. पैशांच्या खेळांबद्दलचा तो निर्णय मला पटतो. रमीच्या जाहिराती बघत बघत कर्जात गेलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. निदान त्या कायद्यानं पैशांचा खेळ आणि नुसता खेळ यांच्यामध्ये रेघ तरी ओढली. हीच रेघ तीस वर्षांपूर्वी गल्लीतल्या गाळ्यासाठी ओढली असती तर? कायद्यानं दुकान बंद करता येतं. पोरांनी मग जायचं कुठं, हे त्याच्या कक्षेत नसतं, आणि ते ज्यांच्या कक्षेत येतं त्या नगरपालिका-महापालिकांना हा आपला विषय आहे असं वाटतच नाही.

चीननं २०२१ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन खेळायला शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठरवून दिला. हे टोक आपल्याला झेपणार नाही आणि झेपलं तरी मला नको. जपानकडे बघावंसं वाटतं. तिथं १९८५ पासून गेम सेंटर कायद्याच्या कक्षेत आली. अठराखालच्यांना रात्री दहानंतर तिथं थांबता येत नाही, त्याहून लहानांना आणखी लवकर बाहेर पडावं लागतं. जागा राहिली, तिला घड्याळ लावलं. माझ्या वडिलांनी मामाशी जो तह केला, तोच जरा मोठ्या प्रमाणावर.

आपल्याकडेही लोकांनी काहीतरी करायची धडपड केलीच आहे. माझ्याच जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ साली त्या गावानं ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं अठराखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदीचाच ठराव केला. बान्सीचा ठराव मला कळतो, पण पटत नाही, कारण तो फक्त मुलांवर आहे. वडगावच्या भोंग्यात मात्र एक शहाणपण आहे. तो सगळ्यांसाठी वाजतो. आईची मालिका आणि बापाचं व्हॉट्सॲप त्याच्यात येतं. खेळ सगळ्यांचा एकदम संपला की कुणाला एकट्यानं हरल्यासारखं वाटत नाही. फक्त भोंग्यानंतर मुलांनी काय करायचं, तर अभ्यास. आपल्याकडे मुलांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अभ्यासापाशी येऊन थांबतं. तेरा ते सतरा वयाच्या पोराला अभ्यास, क्लास आणि घर सोडून चौथी जागा लागते, हे मान्य करायला आपली तयारी नसते.

त्या वयाच्या मुलांना आपल्या गावांत उभं राहायला जागा कुठे आहे? बागेत 'मोठ्या मुलांनी झोपाळ्यावर बसू नये'. मैदानावर लॉन झालं. टर्फवर क्रिकेट खेळता येतं, पण तासाचे पैसे भरून. मॉलमध्ये गेम झोन आहे, तिथं आधी कार्ड रिचार्ज करावं लागतं आणि ते संपेपर्यंत आपण कशावर किती घालवले हे कळत नाही. मामाच्या कॉईनला निदान वजन होतं. आणि मॉलमध्ये नुसतं मागं उभं राहून बघणाऱ्याला सुरक्षारक्षक विचारतो, "कार्ड आहे का?" आमच्या गाळ्यात बघ्यांचीच संख्या जास्त होती. कॉईन नसलेल्यालाही आत यायची मुभा होती, हे त्या जागेचं सगळ्यांत मोठं औदार्य.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती पालकांकडे नाही. सांगलीत मी होतो तेव्हा नगरपालिका होती, १९९८ साली मिरज आणि कुपवाड धरून महापालिका झाली. महापालिकेनं प्रत्येक मोठ्या वॉर्डात एक खोली द्यावी. वाचनालयाच्या वर चालेल, समाजमंदिरात चालेल. चार स्क्रीन, दांड्या, बटणं. हल्ली हे सगळं फार महाग नाही. पाळी ठरलेली, वीस मिनिटांनी उठायचं, मागं रांग. पैसे लावायचे नाहीत, बक्षीस नाही. शेजारी कॅरम नि बुद्धिबळ, ज्याची पाळी नाही त्याला. देखरेखीला एक बाई आणि एक पुरुष, म्हणजे माझ्या बहिणीसारखीला फटीतून बघावं लागणार नाही. रात्री आठला कुलूप. आणि रस्त्याच्या बाजूला पडदा नको, काच पाहिजे.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. पहिलं, जनतेच्या पैशांतून गेम? तर जनतेच्या पैशांतून कारंजी होतात, सेल्फी पॉइंट होतात, 'आय लव्ह' अमुक शहर अशी चमकणारी अक्षरं होतात, त्यांत एखादी खोली बसेल. शिवाय ज्यांना नकोच आहे त्यांनी निदान खाजगी छोट्या पार्लरला जुगाराच्या फायलीतून बाहेर काढावं, वेळेचं आणि काचेचं बंधन घालून परवाना द्यावा, मामा लोक पुढं येतील. दुसरं उत्तर जास्त वजनाचं आहे. मुलांच्या खिशात अख्खं पार्लर असताना ती तुमच्या खोलीत कशाला येतील?

हा प्रश्न मलाही होता. दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा बोळात डोकावलो. पत्रा गेलाय, तिथं आता मोबाइलचं कव्हर आणि टफन ग्लासचं दुकान आहे, चपलांची टपरी नाही. दुकानाच्या पायरीवर तीन पोरं बसली होती, दहावी-अकरावीतली, आणि एकजण त्यांच्या पाठीशी उभा. त्याच्याकडे फोन नव्हता, किंवा चार्जिंग नसेल. तिघं एकाच टीममध्ये खेळत होते. घरी पलंगावर लोळून खेळता येणारा खेळ ती पायरीवर येऊन, गुडघ्याला गुडघा लावून खेळत होती. उभा असलेला पोरगा वाकून स्क्रीनमध्ये बघत ओरडत होता, "मागं बघ! अरे, मागं बघ!"

आतून दुकानदार म्हणाला, "ए, उठा रे, गिऱ्हाइकाला वाट द्या." पोरं मान वर न करता उठली, तशीच खेळत खेळत पलीकडच्या एटीएमच्या पायरीवर जाऊन बसली. चौथा त्यांच्या मागं गेला आणि तिथंही उभाच राहिला, कारण ती पायरी तिघांपुरतीच होती.